गंजाच्या तळाची खरवड

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार
आजपासून राग बंद. कायमचा. तसा मी मूळचा शांत माणूस. जवाहरनगर कॉलनीत कोणालाही विचारा, शेजारचा श्यामराव सोडून. तो खोटारडा आहे.
आज फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये भाताची थाळी भिंतीवर गेली. मी फेकली नाही, सरकवली. भिंत जवळ होती. फोरमन म्हणे, जागेश्वर, पुढच्या वेळी मेमो.
विचार केला. राग येतो कशाने? बेचव जेवणाने. लहानपणी भात वाढून झाला की माय गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या, तळाला लागलेली खरवड उलथन्याने खरडायची. वर जवसाचं तेल, तिखट, मीठ. दाताखाली कुरकुर वाजायची. खर्च शून्य. अन् ती मलाच मिळायची. धाकट्या सुखरामला नाही. लाडका मीच.
निश्चय: रोज खरवड. महिनाभरात स्वभाव लोण्यासारखा.

४ नोव्हेंबर
शकुंतलेला सांगितलं, भात थोडा करपू दे. म्हणे, "जाळू कायले? तांदूर का फुकट येते?" शांतपणे समजावलं. बायकोला समजावताना आवाज जरा मोठा लागतो. कुकरमध्ये खरवड धरत नाही, हे सायन्स आहे. कुकर खिडकीतून बाहेर गेला, श्यामरावच्या सायकलवर पडला. सायकल तिथे ठेवायला कोणी सांगितलं होतं?
शकुंतलेला माझा हात लागला. लागला म्हणजे, ती मधे आली.
उद्यापासून राग बंद.

८ नोव्हेंबर, रविवार
भंडाऱ्याहून पितळी गंज आणला. जाड बुडाचा. येताना एस.टी.त एका इसमाने त्यावर पाय ठेवला. म्हटलं, भाऊ, पाय काढा. तो म्हणे, "लगनात चालला का गंज घेऊन?" त्यानंतर त्याचं नाक गंजाला लागलं. कंडक्टरने दोघांनाही मधेच उतरवलं. रस्ता एकच, म्हणून सोबतच चालत आलो. वाटेत पुन्हा दोनदा जुंपली. निघताना त्याने रामराम केला. माणूस तसा वाईट नव्हता.
डावा डोळा बंद. गंजाला पोचा.
संध्याकाळी खरवड निघाली. नुसता कोळसा. दोष कशाचा ते लगेच कळलं: गंज मायचाच पाहिजे. तो गावी, सुखरामकडे. पुढच्या रविवारी जाऊन गोडीत मागायचा.

१५ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा सुजला.
गावी गेलो. खळ्यावर धानाची मळणी सुरू. सुखराम पाया पडला, चहा सांगितला. मी गोडीत गंज मागितला. म्हटलं, हक्क माझाच, खरवड मीच खायचो. तो हसला. "तुले कोन देत होतं दादा? खरवड तं मले भेटे. मायचा लाडका मी."
मी पूर्ण शांत होतो. फक्त कॉलर धरली. त्याने माझ्या पोटात डोकं घातलं. मी बुक्की मारली, त्याचा पुढचा दात पडला. त्याने काठी उचलून माझं डोकं फोडलं. दोघंही धानाच्या राशीत. धान लाल. "मले भेटे!" "मले भेटे!" असं ओरडत एकमेकांचे गळे धरले होते. दोघांचीही चाळिशी उलटलेली. त्याची बायको आनंदा बोंबलून राहिली होती, बैल दावं तोडून पळाले. अख्खं गाव मळणी सोडून पाहायला आलं.
डॉक्टरने टाके घातले. विचारलं, जमिनीचं भांडण का? म्हटलं, नाही, भाताचं. प्रिन्सिपलचा प्रश्न आहे.

१६ नोव्हेंबर
रजा टाकली. गावीच थांबलो. थोरली बहीण धुरपताबाई ऐकून धावत आली. दोघांना ओट्यावर बसवलं. आधी गंजाचा निकाल लागला. आनंदा म्हणे, मायचा गंज तर फुटला म्हणून चार वर्षांपूर्वीच मोडीत दिला. सुखरामला पत्ताच नव्हता.
मग धुरपताबाई बोलली. "लाडकं कोनीच नोहतं रे. बाबा मायले मारे तवा चुलीवरचा भात कोन पाहे? करपून जाये. त्या दिवशी खरवड लय निघे. समोर जो रडत बसला असे, त्याच्या ताटात माय टाके. कधी तू, कधी हा."
सुखराम रडायला लागला. दात नसल्यामुळे रडताना शिटी वाजत होती. मी विचारलं, अन् माय काय खाये? धुरपताबाईने माझ्या डोक्याची पट्टी नीट केली.
तिची स्मरणशक्ती पहिल्यापासून कच्ची. बाबा कडक होते, इतकंच. कधी कधी हात लागायचा.

२२ नोव्हेंबर, रविवार
डोकं थंड. आठवडाभर कोणाशी भांडण नाही.
शकुंतलेने स्टोव्हवर भात ठेवला होता. आंघोळीला जायचं म्हणून मी फळीवरचा टॉवेल काढायला हात वर केला. तिने झटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं अन् भिंतीला जाऊन टेकली. म्हटलं, अगं, टॉवेल. तिने मान हलवली. हात काढले नाहीत.
मी टॉवेल घेऊन तिथेच उभा. वास आला. भात करपत होता. कोणीच उतरवला नाही.
मग तिने वाढलं. खरवड भरपूर निघाली होती. तेल, तिखट, मीठ टाकून एक घास घेतला.
चव तीच. अगदी तीच.
दुसरा घास ताटातच ठेवला. ताट पुढे घेऊन बसून राहिलो. शकुंतला दारातून म्हणे, "करपला, मले माहीत हाये. उद्या नाई करपू देत."