उतारावर इंजिन चालू

पेण,
श्रावणातला दुसरा सोमवार, १९९६

प्रिय महिपती,

तुझं पत्र मिळालं. पुतळीताईचा गुडघा आता बरा आहे हे सगुणेला वाचून दाखवलं. तिनं लगेच देवापुढे साखर ठेवली. उरणच्या गोदामावर तुला रात्रपाळीऐवजी दिवसपाळी मिळाली हेही बरं झालं. पण दोन पानी पत्रात आपल्या टेम्पो गाडीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘विकून टाक, सही कुठे करायची तेवढं कळव.’ त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे. पनवेलचा दलाल रविवारी येऊन गेला. गाडीखाली शिरला, बाहेर आला, तोंडातलं पान एका गालात सरकवून म्हणाला, ‘काका, ही गाडी नाय, डिझेलची मोरी हाय.’ सगुणा ओट्यावरून म्हणाली, ‘मग मोरीत शिरून एवढा वेळ काय शोधत होतास रे?’ तो हसला, पण गणपती झाले की परत येतो म्हणून सांगून गेला. गाडी आपण दोघांनी मिळून घेतली असली तरी कागद तुझ्या नावावर आहेत. ती ठेवायची की घालवायची, हे तुझ्याशिवाय ठरणार नाही.

दलाल खोटं बोलत नव्हता. गेल्या दिवाळीपर्यंत ती खरंच फार पीत होती. पेणच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, रोह्याला जाऊन यायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, असा हिशेब मी लावून पाहिला. लिटरला सात किलोमीटर म्हणजे सुद्धा तिच्यावर उपकार. चढाला मागे इतका काळा धूर सुटायचा की नागोठण्याच्या नाक्यावरचा चहावाला लांबूनच ओरडायचा, ‘आली आगीनगाडी!’ शेवटी जनू मेस्त्रीकडे गाडी लावली. तुला तो आठवतच असेल, हात कामात आणि तोंड दुसऱ्याच्या संसारात. त्यानं एअर क्लीनर उघडला तर आत पेंढ्याचा भुसा ठासून भरलेला. आपण इतकी वर्षं मूर्तींखाली पेंढा अंथरला, त्याची धूळ तिच्या छातीत जाऊन बसली आणि आपल्याला पत्ता नाही. जनू म्हणाला, ‘दत्तूभाऊ, तुमच्या नाकात बोळा घालून तुम्हाला खिंड चढायला लावू काय?’ नोझल काढून साफ केले, टायरमधली हवा नीट केली. धूर गेला. चहावाला आता नाव घेऊन हाक मारतो.

तरी पुरता फरक पडेना. मग एक दिवस रोह्याहून रिकामा येत होतो. निडीजवळच्या फाटकाशी गाडी थांबली, सहज उतरून चाकांना हात लावत फिरलो. तीन चाकं कोमट, आणि मागचं डावं असं तापलेलं की हात मागे घ्यावा लागला. ब्रेक सुटतच नव्हता. ते चाक खिंडीतल्या त्या दिवशी झाडाच्या मुळावर आदळलं होतं. तेव्हापासून गाडी पुढे जायला बघायची आणि ते एक चाक तिला धरून ठेवायचं. दोन वर्षांहून जास्त मी ती तशीच ओढत होतो. जनूनं ते मोकळं केलं, त्या दिवशी सपाट रस्त्यावर गियर काढून नुसता खांदा लावला तरी ती हलली. मला उगाच भरून आलं. जनूला वाटलं डोळ्यात कचरा गेला.

वाळूचं मात्र मला धैर्य होत नव्हतं. रिकाम्या गाडीचे पाटे कडक, खड्ड्यात माती तडकते, म्हणून आपण खाली वाळूच्या गोणी टाकून त्यावर पेंढा आणि पेंढ्यावर गणपती बसवायचो. ही तुझीच युक्ती. पण उत्सव संपल्यावर ती वाळू आपण कधी काढली नाही. देव जिच्यावर बसून गेले ती वाळू रस्त्याकडेला कशी फेकायची? म्हणून बारा महिने ती गाडीतच राहिली. भात भरलं, कौलं भरली, मीठ भरलं, सगळं त्या गोणींवर. जनू म्हणाला, हे ओझं उतरवल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका. मी दोन दिवस विचारात. सगुणाच म्हणाली, ‘देव आपापल्या घरी जाऊन, पूजा घेऊन, विसर्जन होऊन गेलं. तुम्ही कोणाला घेऊन फिरताव?’ मग आम्ही दोघं गोणी घेऊन खाडीवर गेलो. तिनं हळदकुंकू वाहिलं, मी हात जोडले आणि भरतीच्या पाण्यात वाळू सोडली. यंदा मूर्तींसाठी ताजी भरू आणि काम झालं की लगेच सोडू.

आता लिटरला अकराच्या आसपास जाते. जनू म्हणतो यातलं निम्मं श्रेय त्याचं आणि निम्मं माझ्या पायाचं. ते पायाचं सांगतो. मूर्ती घेऊन जाताना आपण कसे चालवायचो आठव. पायात चप्पल नाही, अॅक्सिलेटर अलगद, पुढचा खड्डा लांबूनच पाहून वेग आधीच उतरवलेला, ब्रेक लागला तर मागच्यांना कळू नये इतका हलका. उतरवून रिकामे निघालो की मात्र आपण उधळायचो. माझ्या लक्षात आलं की टाकी पुरायची ती मूर्ती असायच्या तेव्हाच. म्हणून मी ठरवलं की मागे काही असो नसो, गाडी तशीच हाकायची. आता कौलं भरली असली तरी माझ्या मनात मागे कोणीतरी बसलेलं असतं. मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात, शिव्या घालतात, ‘म्हातारा झोपला काय’ म्हणतात. त्यांना जाऊ देतो. डिझेल तर वाचतंच, पण मनही गाडीसारखंच हळूहळू एका लयीत येतं, हे तुला सांगितलं तर तूच समजशील.

आता खिंडीबद्दल लिहितो. आजवर आपण दोघांनी तो विषय टाळला. मला तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचं सगळं आठवतं. मी मागे पेंढ्यात बसून रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या विमलबाईंच्या मूर्तीला आधार दिला होता. चढ संपला आणि तू नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलंस. इंजिनच्या थरथरीनं ओल्या मूर्तींच्या कानांना चीर जाते, हे तुला सहन होत नसे. शिवाय उतारावर डिझेल फुकट का जाळा, असंही तू म्हणायचास. एकदम सगळं शांत झालं. पाखरं ऐकू येऊ लागली. मी मनात म्हटलं, देवांना अशा शांततेत नेणारा दुसरा ड्रायव्हर या रस्त्यावर नाही. आणि मग वळण आलं, म्हैस आडवी आली आणि गाडी थांबली ती झाडाच्या मुळावर आदळूनच. गेल्या माघात मी जनूला पहिल्यांदा हे सगळं विचारलं. तो म्हणाला, या गाडीच्या ब्रेकला जोर इंजिनकडून मिळतो. बंद इंजिनावर एकदोनदा दाबलं की जोर संपतो, मग पेडल दगडासारखं होतं, भीम बसला तरी दबायचं नाही. आणि वाचत काय होतं? गाडी गियरमध्ये ठेवून पाय नुसता उचलला तरी उतारावर पंप जवळजवळ काही देतच नाही. मी गेले सहा महिने खिंड तशीच उतरतोय, इंजिन चालू ठेवून. हिशेबात काही फरक पडला नाही. मूर्तीही तडकत नाहीत, खाली पेंढा जरा जास्त घालतो.

महिपती, हे तुला कमीपणा आणायला लिहीत नाही. तू त्या दिवसापासून एकच धरून बसलास, की देवाचा कोप झाला, देवानं तुझ्या हातून आपलं वाहन काढून घेतलं. गवतातून मातीचा एकेक तुकडा तू उपरण्यात वेचलास, कोणाला हात लावू दिला नाहीस. भटजींनी सांगितलं की प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, पाण्यात सोडा, दोष नाही. ते तू ऐकलं नाहीस. चतुर्थी उजाडायच्या आत पेण सोडलंस. मला एवढंच म्हणायचं आहे की देवानं तुझ्यावर राग धरला असं मला कधीच वाटलं नाही, आणि मी तर त्याच्या शेजारीच बसलो होतो. इंजिन बंद होतं, ब्रेक लागला नाही. तुझं चुकलं ते देवाला त्रास होऊ नये म्हणून चुकलं. त्या दिवशी मोडलेला माझा हात तर त्याच थंडीत जुळला होता.

हे सगळं मी आजच का लिहायला बसलो ते आता सांगतो. परवा अष्टमीहून विमलबाई एकट्या एसटीनं आल्या आणि मूर्ती सांगायला कारखान्यात गेल्या. मीही तिथंच होतो. गेल्या दोन्ही वर्षी त्यांचे दीर मूर्ती न्यायचे. या वेळी कारखानदारानं विचारलं, न्यायला कोण येणार? त्या म्हणाल्या, ‘महिपती आणील.’ मी म्हटलं, वहिनी, तो गाडी चालवत नाही आता, तुमचा गणपती मी आणतो, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, ‘तुमी आणाल ओ दत्तूभाऊ, नीट आणाल. पण मग त्याचं काय?’ आणि पदर सावरून एसटीला गेल्या. त्याचं उत्तर तूच देशील, म्हणून तुला लिहितोय. मूर्ती हरतालिकेच्या आदल्या दिवशी निघेल. तू आला नाहीस तर ती कारखान्यातच राहील, बाई दुसऱ्या कोणाला नेऊ देणार नाहीत. तू चालव, मी मागे बसतो.

तुझाच,
दत्तात्रेय