फुलीवर दोन बोटं

३ मार्च
“अंगठ्याने नाडी बघू नकोस गं, अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते.” वीस वर्षांपूर्वी आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. आज नव्या वॉर्डात पाऊल टाकताना तेच आठवलं. रक्तवाहिन्यांचा वॉर्ड. बारा खाटा, भरपूर उजेड, खिडकीत कुणीतरी हौसेने लावलेली कोरफड. शस्त्रक्रियेनंतर पावलावर नाडी लागते तिथे पेनाने फुली मारायची, दर तासाला फुलीवर दोन बोटं ठेवायची आणि तक्त्यावर ‘लागते’ किंवा ‘लागत नाही’ लिहायचं. काम आवडलं.

४ मार्च
चार नंबरच्या खाटेवर टेलरमास्तर आहेत. गुडघ्यामागची धमनी फुगून लिंबाएवढी झालीय, आत गुठळ्या. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. जांघेतून नळी सरकवून फुगवट्याच्या आत बसवायची, किंवा फुगवटा बांधून टाकून मांडीतली शीर वळसा घालून जोडायची. म्हणजे अस्तर की जोड, मास्तरांनी विचारलं. मग जोडच द्या म्हणाले, कापड आपल्याच अंगचं बरं. आणि नीट द्या, पाय गेला तर मशीन काय तुमचे सासरे चालवणार? डॉक्टरांनाही हसू आवरेना.

६ मार्च
जोड छान बसला. पाऊल उबदार. फुली मीच मारली. ताई, माप बरोबर घेतलंत ना, म्हणून मास्तरांनी चिडवलं.

७ मार्च, दुपार
पाय बधिर वाटतोय म्हणतात. पाऊल जरा गार लागलं. पण फुलीवर बोटं चांगली दाबून धरली, तर नाडी स्पष्ट. डॉक्टरांना बोलावलं नाही. ‘लागते’ लिहिलं.

८ मार्च
काल संध्याकाळच्या फेरीत डॉक्टरांनी नाडीचा आवाज ऐकवणारं यंत्र फुलीवर लावलं. आवाज नाही. जोड दुपारीच गुठळीने बंद झाला होता. इतकं दाबून मी माझ्याच बोटांतली नाडी मोजत होते. पाच तास. पाच वेळा ‘लागते’.
पुन्हा उघडलं, गुठळी काढली. उपयोग झाला नाही. आज सकाळी मांडीतून पाय काढला.

९ मार्च
मास्तरांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे वळले.

१० मार्च
त्यांची चादर नीट करत होते. जिथे आता काही नाही, तिथे हाताखाली—लागली.
नंतर मास्तर ओरडले, पाऊल दाबू नका, दुखतंय. मी दाराशी उभी होते.

११ मार्च
टेबल. कोरफडीची कुंडी. भिंत. बोटं टेकवली की लागते—

१२ मार्च
माझ्या पावलावर फुली आहे. मी मारलेली नाही. साबणाने जात नाही—

१३ मार्च
पाऊल गार. डॉक्टरांनी पाहिलं, हसून म्हणाले, लागते की. पण त्यांनी दाबून—मीही तसंच—

१४ मार्च
बधिर.
मास्तरांनाच विचारणार. नाही म्हणतील. का म्हणू नये?
मास्तर, तुमच्या बोटांना एकेक धागा कळतो. एकदा या फुलीवर ठेवा. हलकेच. दाबू नका. आणि खरं सांगा, लागते की