न आलेल्या धाकटीची तरतूद

मी, मोतीलाल गोविंद पाटील, वय वर्षे त्रेपन्न, संस्कृताध्यापक, राहणार मौजे कोरीट, तालुका नंदुरबार, जिल्हा धुळे, स्थिरबुद्धीने व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. दडपण आणू शकणारा एकमेव इसम, माझा पुतण्या चुडामण, गेल्या आठवड्यात सुतार घेऊन आला व अंगणातील निंबाचा घेर मोजून गेला. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक. माझे तर्कशास्त्रविषयक ग्रंथ शाळेस द्यावेत. तेथील उंदरांना तरी ते पचोत.

दोन. छत्री चुडामणास. परक्या छपराकडे पाहण्याची त्याची सवय सुटावी, हा सद्धेतू.

तीन. घर, अंगण व निंब माझी पत्नी जसोदाबाई हिच्याकडे तहहयात राहावेत. "काकूले मन्हा घर लई जासू," असे चुडामण म्हणतो. ती झोका सोडून जाणार नाही. कारण निवेदन करणे प्राप्त आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, दारोदारी झोके बांधले जातात. आम्हांस अपत्य नव्हते. एके वर्षी विहिरीवर बायांनी टोमणा मारला, "जसोदाबाई, तुन्ह्या पोरी कव्हय येतीन वं?" ती रडत घरी आली. मी गंभीर मुद्रेने उद्घोषिले, "आमच्या सर्व मुली दर आखाजीला माहेरी येतात."

ओट्यावरचा चुडामण हसला. "काका, पोरी शेतस कोठे?"

"मूढा, विधान खोटे पाडायचे तर न आलेली एक मुलगी दाखव. नाही ना? मग ते सत्यच."

तर्कशास्त्रात, ज्यात कोणीच नाही अशा रिकाम्या वर्गाविषयी 'सर्व' म्हणून काहीही सांगावे, ते खोटे ठरत नाही. हा केवळ विनोद होता. जसोदाबाईने त्याच दुपारी निंबाला झोका बांधला.

पुढे दर आखाजीस ती खापरावर पुरणपोळ्या भाजून निंबाखाली पाने मांडी. वारा नसता झोका हले. मी दोरास दोष दिला. नवा दोर सायंकाळी फांदीपाशी झिजलेला निघे; मी दुकानदारास दोष दिला. पाने रिकामी होत, कावळ्यांस दिला. हेत्वाभासांची मला कधी वाण पडली नाही.

यंदा ऐन दुपारी ती आत आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "यंदा धाकली उनी नही."

मी हसण्यासाठी तोंड उघडले, ते तसेच राहिले. या वाक्याने माझे विधान असत्य ठरत होते. आणि ते असत्य ठरण्यास न आलेली एक तरी मुलगी असावी लागते. मी बाहेर पाहिले. झोका हलत होता. पानांपैकी एकच पान जसेच्या तसे होते. त्यावर कावळाही बसेना.

चार. जसोदाबाईच्या पश्चात घर माझ्या मुलींना समभागाने मिळावे. कायद्यात मुलींस वाटा आहे. त्या दिसल्या पाहिजेत असे कलम माझ्या वाचनात नाही. चुडामणाची हरकत असल्यास त्याने आखाजीच्या दुपारी, एकट्याने, निंबाखाली उभे राहून मोठ्याने म्हणावे, "मोतीलालास एकही मुलगी नाही." मग उत्तराची वाट पाहावी. उत्तर न आल्यास घर त्याचे.

पाच. निंब कदापि तोडू नये. धाकटीला घराची दुसरी खूण ठाऊक नाही.

मसुद्यातील 'निःसंतान' हा शब्द मी स्वहस्ते खोडला आहे. "हाई काबर खोडं, गुर्जी?" असे साक्षीदार वीरसिंग यांनी विचारले. असत्यावर स्वाक्षरी करवत नाही, असे मी सांगितले. त्यानंतर दोन्ही साक्षीदारांनी खाडाखोडीवर सह्या केल्या.

साक्षीदार: वीरसिंग भावसिंग गिरासे (सही)
भिला नवल पाटील (सही)

मोतीलाल गोविंद पाटील (सही)
मौजे कोरीट, दिनांक ६ मे १९६३