बटाट्यांच्या थराचा गेलेला कोपरा

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे, पण कंबरेनं अर्ध्यातच साथ सोडली, तेव्हा उरलेला मनानं केला असं समज.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे वरवर पाहता ठीक. जवळजवळ वर्षानं माझं पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि तुझं ते गप्प बसणं मला फार मोठ्यानं ऐकू येतं. शिवाय या प्रकरणात सगळं लेखी असलेलं बरं.

तर प्रकरण असं. सुट्टीच्या मोठ्या जेवणाला यंदाही सतरा माणसं येणार. ओव्हन एकच, त्याच्या दाराला खुर्ची लावावी लागते. म्हणून मुख्य जेवणाबरोबरचे भाजलेले पदार्थ मी महिनाभर आधी करून गोठवून ठेवायचं ठरवलं. पावाचा चुरा घातलेला भोपळा, मका आणि दूध-जायफळ घालून भाजलेले तुझे ते बटाट्याचे थर. बटाटे दरवर्षी तुझ्याकडे असायचे. यंदा तुला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. (मागच्या वर्षीचं तुला माहीत आहेच, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. तू बटाटे बेकरीच्या खोक्यातून आणलेस आणि मी सगळ्यांसमोर विचारलं की हे घरचे की विकतचे. तू चमचा खाली ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलीस. मी नुसतं विचारलं होतं. तीस वर्षं लोकांच्या घरची विजेची मीटरं तपासल्यावर जिभेला विचारायची खोड लागते.)

पहिल्या खेपेला मी बटाटे कच्चेच कापून गोठवले. बाहेर काढले तर काळेनिळे, ओल्या पुठ्ठ्यासारखे. दुसऱ्या खेपेला भाजलेलं भांडं गरमागरम फ्रीझरमध्ये ठेवलं. त्याच्या वाफेनं शेजारचे मटारचे पुडे एकमेकांना असे चिकटले की ते सोडवायला हातोडी घ्यावी लागली. तिसऱ्या खेपेला अक्कल आली. थोडं कमीच भाजायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, भांड्यात आधीच फॉइल अंथरून ठेवायची म्हणजे गोठल्यावर अख्खा थर विटेसारखा उचलता येतो आणि भांडं मोकळं होतं. अशी एक वीट मी गुंडाळली, तिला तार बांधली आणि तारेला शिशाचं सील ठोकलं. (निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं मला घड्याळ दिलं. सीलची पक्कड मी स्वतःच आणली.)

चौथ्या दिवशी वीट हाताला हलकी लागली. सील जागेवर, तार जागेवर, पण आतून एक कोपरा गायब! काटकोनात, सरळ कापलेला.

संशय आधी जावयावर गेला. तो फ्रिज दुरुस्त करतो, त्याच्याकडे करवत असते, आणि फ्रीझरचा गॅस बघायच्या निमित्तानं तो फार वेळा येतो. शिवाय माझ्या काळ्यानिळ्या बटाट्यांनाही त्यानं छान म्हटलं होतं, आणि असा माणूस काहीही करू शकतो. मी त्याची पिशवी तपासली. पक्कड, पाने आणि आमच्या लेकीनं दिलेला अर्धा पाव निघाला. त्यानं बघितलं. हसला. हसणाऱ्या माणसाचं मला नेहमीच वावडं.

मग फॉइल नीट पाहिली. तिच्या कडा दवाखान्यातल्या पलंगावरची चादर खोचतात तशा खोचल्या होत्या. आता आमच्या घरात नर्स एकच, ती म्हणजे तुझी भावजय. टाके काढायच्या चिमट्यानं सील उघडून पुन्हा बसवणं तिच्या डाव्या हातचा मळ आहे. मी तिला थेट विचारलं. ती म्हणाली, "मी तोंडाला लावलं असेल तर शप्पथ." आणि ताई, ते खरं निघालं, कारण दुसऱ्याच दिवशी युनिफॉर्मला इस्त्री करता करता ती सहज बोलून गेली, "काप जरा जाड ठेव. आणि जायफळ घालताना हात आखडू नकोस." या बाईला जायफळ आणि सुपारी यांतला फरक इतक्या वर्षांत कळलेला नाही.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि काप जाड केले, जायफळ वाढवलं. नव्या विटेचाही कोपरा गेला. दोन दिवसांनी निरोप आला (म्हणजे इस्त्री करताना) की दूध जास्त झालंय, कडेला पाणी सुटतं. दूध कमी केलं. तिसरा कोपरा गेला, आणि मग काहीच आलं नाही. चार दिवस इस्त्री मुकाट्यानं चालली. मला जेवण जाईना. चुका काढत होतीस तेव्हा निदान खात तरी होतीस.

होय, खात होतीस. पाचव्या दिवशी तुझ्या भावजयीच्या पिशवीत रिकामा डबा सापडला, स्वच्छ पुसलेला, झाकणावर दोन रबरबँड फुलीसारखे अडकवलेले. असं बांधणारं माणूस सगळ्या खानदानात एकच आहे. आपण शाळेत जायचो तेव्हा माझाही डबा तू तसाच बांधायचीस. तपास पूर्ण झाला असून आरोपी सापडला आहे. खुलासा पाठवावा.

घरातल्या सर्वांना नमस्कार. गुडघ्यावर शेक घेत जा.

तुझा धाकटा

ता.क. : या पत्राबद्दल भावजयीला बोलू नकोस. मला कळलंय हे तिला कळलं तर डबे बंद होतील.

आणखी एक ता.क. : काल जावयाकडे बटाटे पाठवायचे होते. माझ्या विटेला घरातला एकही डबा मापाचा मिळेना. शेवटी बेकरीचं एक रिकामं खोकं मिळालं, त्यात अगदी फिट बसली. मागच्या वर्षी तुलाही मापाचा डबा मिळाला नसणार. ताई, मला फार लाज वाटली. ते बटाटे तुझ्याच हातचे होते, आणि हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं. तरी मी विचारलं. चुकलो.

शेवटचा ता.क. : जेवणासाठी ठेवलेल्या बटाट्यांना कोपरा नाही, आणि आता नवे करायला वेळही नाही. ते टेबलावर आले की सतराही माणसं माझ्याकडे बघतील आणि विचारतील की कोपरा कुणी खाल्ला. तुझं नाव मी सांगणार नाही. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग. मागच्या वर्षीचं मी सगळ्यांसमोर सांगतो.