पूर्वेचा कोपरा

साहेब, तुमच्या हाताखाली बांधलेला सोयगावकडचा तो छोटा दवाखाना परवा सावरला. तुम्ही असता तर सकाळपासून तिथं खुर्ची टाकून बसला असता.

बांधल्यावर दोनच वर्षांत त्याचा पूर्वेचा कोपरा खचला, भिंतीला तडे गेले. बांधकामाच्या वेळी मी नोकरीत नवी. चौकशीची बैठक अजून डोळ्यांपुढं आहे. वरचे अधिकारी विचारतायत, जमीन तपासली कोणी? मी मान खाली घालून बसलेय. तुम्ही शांतपणे म्हणता, "पाया मी मंजूर केला, सही माझी हाय. पोरीचं नाव मधी आणू नका." तुमची बढती तिथंच अडली, त्याच खुर्चीतून निवृत्त झालात. मला मात्र कधी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातली खिचडी माझ्यापुढं सरकवत एवढंच म्हणालात, "खड्ड्यात खुद उतरून बघत जा, बेटा. काळ्या मातीचा भरोसा नाय."

यंदा सगळे म्हणत होते, दवाखाना पाडा. मी स्क्रू पाइल सुचवले. पोलादी दांडा, त्याच्या टोकाशी स्क्रूसारखं वळलेलं पातं. यंत्र तो पायालगत जमिनीत पिळत नेतं आणि इमारतीचा भार फुगणाऱ्या, आकसणाऱ्या मातीखालच्या घट्ट मुरुमावर जातो. फार खोदकाम नाही, हादरे नाहीत. पलीकडच्या खोलीत नर्सबाई लेकरांना लस देत होत्या.

पूर्वेला दांडा नकाशात होता तितका खोल गेला, पण यंत्राचा जोर दाखवणारा काटा चढेना. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, नकाशाइतकं गेलं. थांबू का?"

"नाय. मुरूम लागला नाय अजून. जोड लाव."

दुसरा दांडा निम्मा आत गेला तेव्हा कुठं काटा सरकला, यंत्र कण्हू लागलं. मग पाया त्या दांड्यांना जखडून जॅकनं हळूहळू उचलला. बाळंतिणींच्या खोलीचं दार कित्येक वर्षं लागत नव्हतं. नर्सबाईंनी ओढलं, ते लागलं. त्यांनी उघडून पुन्हा लावून पाहिलं. लोक माझं कौतुक करत होते आणि मला तुमची सही दिसत होती.

हे पत्र फाइलमध्येच राहणार, पाठवायला पत्ता नाही. पण एक सांगायचं राहिलंय. बांधकामाआधी माती तपासायला तुम्ही चारही कोपऱ्यांत खड्डे घ्यायला सांगितले होते. मी तीनच घेतले. ऊन लई होतं, शेवटची एसटी गाठायची होती. पूर्वेच्या रकान्यात शेजारच्या खड्ड्यातलीच माती लिहिली. तुम्हाला हे ठाऊक होतं का, ते तुम्ही होता तोवर विचारलं नाही. भीती वाटायची, तुम्ही व्हय म्हणाल.