चित म्हणजे चित

५ जानेवारी, रविवार, सकाळ
सगळ्यांची प्रकृती विचारून घेतली. गोकुळा (बायको): ठीक, पण चहात साखर कमी, म्हणजे कशाचा तरी राग. धनराज (मुलगा): सर्दी. सून: कामात आहो, मग विचारा, म्हणाली. साधना (नात): एकदम टणक. माझा उजवा गुडघा: कुरकुर. डावा खांदा: बोलत नाही. बाकी मी ठणठणीत.
दोन फेब्रुवारीला चंद्रपूरला साधनाची निवड चाचणी आहे. खेळ जिउ-जित्सू. जिंकली तर राज्याच्या संघात. पोरगी त्यासाठी रोज बसनं चामोर्शीला क्लासला जाते. तिच्या रंजीता मॅडम चांगल्या आहेत, पण वयानं कच्च्या. घरात माझ्यासारखा जुना पहिलवान असताना बाहेर शिकायला जाणं म्हणजे तलावाच्या पाळीवर राहून बाजारातून मासळी आणणं.
संकल्प: उद्यापासून कोच मी.

६ जानेवारी
थंडी फार. कोचिंग उद्यापासून.

८ जानेवारी, दुपार
मोबाईलवर अभ्यास. डेटा संपला, शेजारच्या मुखरूचा हॉटस्पॉट घेतला. निष्कर्ष: या सगळ्या कुस्त्या एकाच माउलीची लेकरं. ज्युडो म्हणजे फेकजाळं. अंगरखा धरा, फेका, जोरात पाठीवर पडला की खेळ खलास. साम्बो म्हणजे खेकडा, पायालाच धरतो. कॅच रेसलिंग म्हणजे गळ. हातपाय मुरगळून "सोड" म्हणवा, नाहीतर दोन्ही खांदे टेकवा. जिउ-जित्सू म्हणजे वांब मासोळी. खाली पडूनही वेटोळं घालते, गळा आवळते, समोरच्यानं हार मानून थापट मारल्याशिवाय सोडत नाही.
आणि आमची मातीतली कुस्ती म्हणजे तलाव. हे सगळे त्यातलेच.
मुखरूला सांगितलं. तो म्हणे, तलावात बेडकंबी राह्यतात केवळरामभाऊ. दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी
अंगणात धानाचं तणीस अंथरून वर ताडपत्री टाकली. कोचिंग सुरू. पहिल्याच झटक्यात साधना आपणहून पाठीवर झोपली. म्हटलं, ही काय पद्धत? कोंबडीनं स्वतःच हळद लावून घ्यावी तसं. ती म्हणाली, आबाजी, इथी पाठ लागली तरी हार नाई होत. वरच्याले पाइंट भेटते, खेळ चालूच राह्यते.
शांतपणे समजावलं. कुस्ती पाठ मानते. ज्युडो मानतो. कॅच मानतो. साम्बोतही नीट पाठीवर फेकला की झालं. न मानणारा हा एकटाच. म्हणजे बहुमत माझ्याकडे. साधना हसली आणि पाणी प्यायला गेली. होकार धरला.

१५ जानेवारी
प्रात्यक्षिक. तिनं खालून पाय गुंडाळले आणि माझा गळा आवळला. डोळ्यांपुढे काजवे. पण आमच्यात थापट मारायची रीत नाही, मी मारली नाही. शेवटी गोकुळानं माझ्या वतीनं ताडपत्रीवर झाडू आपटला. म्हणाली, सोड वं पोरी त्यायले, दळण आणाचं आहे अजून.
निकाल: बरोबरी.

२० जानेवारी
कोचिंग बंद. मानेला तेल.

२६ जानेवारी
मान वळते. साधनाला एकच शिकवण दिली, वस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. ती म्हणाली, मॅडम म्हणते एकाचंच आयकाचं. म्हटलं, बरोबर, एकाचंच. पण मोठ्याचं. लहानपणापासून माझा शब्द मोडलेला नाही तिनं. गुणाची पोर.

३० जानेवारी
मॅडमचा फोन. घरच्यांनी मागं बसावं, मॅटजवळ आवाज एकच पाहिजे, म्हणाल्या. मी म्हटलं, तेच तर मी सांगून राह्यलो. गोकुळा बाजूलाच होती. म्हणे, तो आवाज तुमचा नाई म्हणून राह्यली ते. बायकांना खेळातलं काय कळतं. मॅडमचा अपवाद.

२ फेब्रुवारी, परतीच्या बसमध्ये
शेवटची लढत, कोरपन्याच्या पोरीशी. साधना गुणांनी पुढे. वर बसलेली. खालच्या पोरीचे दोन्ही खांदे मॅटला. वेळ संपतच आली होती. असं स्वच्छ चित मी आयुष्यात कमी पाहिलं. खुर्चीवर उभा राहिलो आणि ओरडलो, चित झाली, उठ साधना, उठ. मॅडम काहीतरी म्हणत होत्या, पण माझा आवाज जत्रांमध्ये कमावलेला.
साधना उठली. एक हात वर केला. मी बक्षीस गोळा करायला दुपट्टा सोडत होतो, तेवढ्यात कोरपन्याची पोरगी मागून तिच्या पाठीवर चढली. हात गळ्याखाली. साधनानं थापट मारली.
कारणं: एक, पंचाला चित कळत नाही. दोन, मॅट मऊ, पाठ लागली ते ऐकू येत नाही. तीन, उजेड कमी.
साधना पुढे मॅडमजवळ बसली आहे. शेंगदाणे पाठवले. परत आले.

३ फेब्रुवारी
पंचाविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. मुखरूनं विचारलं, कोणत्या नियमाखाली? म्हटलं, बहुमताच्या. तो हसला नाही. मुखरू हसला नाही म्हणजे अवघडच.

५ फेब्रुवारी
चामोर्शीची बस आली, गेली. साधना घरातच. जेवली थोडी. माझ्याशी बोलत नाही असं नाही, कोणाशीच बोलत नाही.
चौथं कारण: पोरीनं कोणाचंही ऐकून मध्येच उठायचं कशाला? लिहिलं आणि खोडलं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
मॅडमचा फोन, माझ्या मोबाईलवर. साधना उचलत नाही म्हणे. मार्चमध्ये नागपूरला शेवटची चाचणी आहे, नाव उद्यापर्यंत द्यायचं. गोकुळाला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, तुमीच सांगा, आवाज मोठा आहे ना तुमचा.
साधनाच्या खोलीच्या दाराशी गेलो. परत आलो. मग मोबाईलवर लिहून पाठवलं, ते इथं उतरवून ठेवतो:
"साधना, मान दुखते काय वं अजून? मार्चमधी नागपूरले आखरी चान्स आहे. मॅडम उद्यापर्यंत नाव मांगून राह्यली. तू जिंकूनच होती. उठली ते माह्यापायी. तुह्या खेळात पाठीचं काई नाई, हे तू मले सांगतलं होतं, मी मोजत बसलो कोण कोण मानते ते. नागपूरले मी येत नाई. मॅडमचंच आयकजो. मी ओट्यावरच बसलो आहो. होय का नाई, एवढंच लिही, पण लवकर लिही."