हिल्डाच्या कपाटाचा खुलासा

मी, रॉक पास्कल लोपीस, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, मूळचा वसईचा, सध्या दुबई सिलिकॉन ओएसिस येथे मुलीच्या भाड्याच्या फ्लॅटात मुक्काम, परमेश्वराला साक्षी ठेवून आणि खोकल्याने दिलेल्या उसंतीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण कायदा फुप्फुसांबद्दल विचारत नाही, असे वसईच्या वकिलांनी फोनवर सांगितले. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. माझी पत्नी हिल्डा २०१८ साली वारली, तेव्हाच हा कागद करायला हवा होता. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या हातून दुसरेच काही घडले. ते कलम पाचमध्ये येईल, आणि खरे सांगायचे तर बाकीची कलमे तिथे पोहोचायला उशीर व्हावा म्हणूनच इतकी लांबली आहेत.

कलम एक. मला दोन मुले. थोरला एल्रॉय, बायको आणि तान्ह्या बाळासह अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत राहतो. धाकटी जेनेल, वय तेवीस, इथेच एका ऑफिसात कामाला आहे. दोघेही या देशात जन्मले आणि वाढले. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि आमचे एकमेकांना कळते असे आम्ही तिघेही धरून चालतो.

कलम दोन. वसईचे घर, विहीर आणि मागची वाडी पूर्णपणे जेनेलला द्यावी. एल्रॉयला हे मी सांगितले आहे आणि त्याची हरकत नाही. माझा भाऊ आंतोन याला यातले काहीही मिळू नये. वडिलांनी लावलेला फणस त्याने मी परदेशात असताना तोडला आणि लाकूड वखारीत विकले. घरात एक सुतार असताना फणसाचे लाकूड वखारीत विकणारा माणूस कसला भाऊ? तरीही माझ्या दफनाच्या मिस्साला तो आला तर त्याला पुढच्या बाकावर बसवावे. मागे बसला तर गप्पा मारत बसेल.

कलम तीन. माझे रंधे, पटाश्या, करवती आणि गुण्या मी गेल्या महिन्यातच अर्सलानला देऊन टाकले आहेत. मुलांनी त्यांवर हक्क सांगू नये. अर्सलान पेशावरचा. रास अल खोरच्या कारखान्यात बावीस वर्षे आम्ही एकाच टेबलावर काम केले. निवृत्तीच्या दिवशी मालकाने मला भिंतीवरचे घड्याळ दिले. प्लॅस्टिकचे, वर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेले. तीस वर्षे त्याच्यासाठी खरे लाकूड तासले, त्याचे हे बक्षीस. ते घड्याळ कचऱ्यात टाकावे. मी हे गमतीने लिहीत नाही.

कलम चार. बँकेतली शिल्लक आणि इतर जे काही उरेल, किंवा जे कुणाला देता आले नाही, ते सर्व एल्रॉयला द्यावे.

कलम पाच. कपाट.

हे कपाट मी १९९५ साली बनवले. लग्नानंतर हिल्डा पहिल्यांदा दुबईला येणार होती. कारखान्यात उरलेल्या सागाच्या फळ्या मालकाला विचारून आठ महिने जमवल्या आणि जुम्म्याच्या सुट्टीत एकेक सांधा बसवला. हिल्डा त्यात लग्नाचा गाऊन आणि माझ्या आईने दिलेले लाल लुगडे ठेवायची. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या, त्याही मूठमूठभर. आमच्या दारात पाऊल टाकले की तोच वास यायचा. मी तिला चिडवायचो की पाहुणे आपल्यालाच कपडे समजून घडी घालून ठेवतील. ती म्हणायची, तुमच्या पॉलिशच्या वासापेक्षा बरा.

ती तीन दिवसांत गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. जेनेल तेव्हा सोळा वर्षांची होती आणि त्यानंतर ती बोलेनाशी झाली. शाळेत जायची, परत यायची, दार लावून बसायची. दुसऱ्या वर्षी तिच्या शाळेतल्या एक बाई देश सोडून निघाल्या. त्यांच्याकडे एक पाळलेला साप होता. बिनविषारी, नारिंगी, हातभर लांबीचा. त्यांनी तो कागदपत्रांसकट जेनेलला दिला. तिने त्याचे नाव पपाया ठेवले. शेजारच्या बायका म्हणाल्या, देवाने शाप दिलेले जनावर घरात कशाला? मलाही तो नको होता. पण पोरगी जेवताना त्याच्याबद्दल बोलू लागली. तो कात कशी टाकतो, त्याला किती ऊब लागते, सगळे सांगायची. जनावरांची डॉक्टर होणार म्हणाली. भारतातल्या कॉलेजचे फॉर्म आणले. वर्षभराने माझ्या घरात आवाज आला होता.

मग तिने विचारले की मम्मीच्या कपाटाचे पपायासाठी घर करून द्याल का. कपडे आम्ही आधीच वाटून टाकले होते. मी हो म्हणालो.

कपाट उभेच ठेवले. दारे काढून पुढे सरकत्या काचा बसवल्या, पाठीला भोके पाडून जाळी ठोकली, तळाला ऊब देणारी चटई आणि थर्मोस्टॅट. चटईचे तापमान जेनेलनेच ठरवले, पुस्तकात बघून. ती फार चौकस होती. पॉलिश कुठले, डिंक कुठला, काच बसवायचे सिलिकॉन वाळले का, सगळे विचारायची, कारण कशाच्याही वाफेने साप मरू शकतो असे तिने वाचले होते. तिच्यासाठी मी पॉलिश बदलले आणि तीन आठवडे ते वाळू दिले. डांबरगोळ्यांबद्दल तिने विचारले नाही, कारण त्या तिला दिसल्या नव्हत्या.

मला दिसल्या होत्या. तळाची फळी उचलली तेव्हा खाली हिल्डाच्या हातरुमालाची पुरचुंडी होती. तिनेच बांधलेली, तिच्या पद्धतीची दुहेरी गाठ. ती गाठ मी सोडली नाही. घरात तिचा वास राहिलेली तेवढी एकच जागा होती. मी पुरचुंडी होती तिथे परत ठेवली, फळी ठोकली, आणि त्या फळीवर ऊब देणारी चटई अंथरली.

मला माहीत नव्हते असे मी सहा वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. गावाला पावसाळ्यात साप आत येऊ नयेत म्हणून माझी आई उंबऱ्यावर याच गोळ्या टाकायची. लहानपणी त्या पसरायचे काम माझ्याकडे असायचे.

नवव्या दिवशी पपाया मान मागे टाकून, तोंड उघडून पडलेला सापडला. आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले, पण तोवर तो गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, घर में कोई दवा, कोई गोली रखी थी? मी नाही म्हणालो. गाडीत जेनेलने विचारले, काय झाले असेल. तेव्हा मी म्हणालो, "तू थर्मोस्टॅट जास्त ठेवला असशील."

एवढेच बोललो. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना पुरचुंडी काढून कचऱ्यात टाकली.

तिने माझे ऐकले. तापमानाचे आकडे लिहिलेली वही ती कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा बघत असे. मग वही गेली, फॉर्म गेले, तिने कॉमर्स घेतले. या वर्षी एल्रॉयला बाळ झाले. सगळ्यांनी घेतले, जेनेलने घेतले नाही. हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "आय किल थिंग्ज." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल देव मला काय देईल ते देवो.

जेनेल, तू काहीही चुकली नव्हतीस. तापमान बरोबर होते. साप मी मारला आणि नाव तुझे घेतले. सांधे नीट जुळवणारा कारागीर म्हणून मला मान होता, बाप म्हणूनही होता, आणि दोन्ही एका वेळी सोडायची माझी छाती झाली नाही. वसईचे घर मी तुला भरपाई म्हणून देत आहे. ती भरपाई होत नाही, हे मला कळते. कपाट कारखान्याच्या मागच्या खोलीत आहे. ते ठेवायचे की जाळायचे, तू ठरव.

हे कलम माझ्या दफनविधीनंतर शेजारी संजय यांनी तिला वाचून दाखवावे.

कलम सहा. हे मी आज, सह्यांच्या वेळी लिहीत आहे.

संजय आणि अर्सलान साक्षीदार म्हणून आले. संजयने सही करायला चष्मा काढला. अर्सलानने विचारले, एवढी पाने कशाची? त्याला मराठी येत नाही, म्हणून कलम पाच मी हिंदीत सांगितले. त्याने पेन खाली ठेवले. म्हणाला, "मरने के बाद माफ़ी किससे माँगोगे, उस्ताद? पहले बच्ची को दो. फिर मैं साइन करूँगा, इन्शाल्ला."

जेनेल आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. मी कागद तिला नेऊन दिले. शाळेतल्या हिंदीमुळे ती देवनागरी वाचते, पण ओळीवर बोट ठेवून, सावकाश. आम्ही तिघे बाहेर बसलो. चहा केला, कुणी प्यायला नाही. पाऊण तासाने ती बाहेर आली. रडलेली नव्हती. मला वाटले होते ओरडेल, मी त्याची तयारी ठेवली होती.

तिने अर्सलानच्या पुढ्यातले पेन घेतले. संजयने तिला अडवले. वकिलांनी बजावले होते ते त्याने समजावून सांगितले. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते, आणि तिने सही केली तर वसईचे घर एल्रॉयला जाईल. तिने ऐकून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट द हाऊस, डॅडी. आय वॉन्ट माय नेम अंडर धिस."

मी तिला थांबवले नाही. थांबवायचा हक्क माझा राहिलेला नाही. माफ केले का, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीवर राहून लिहिला, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या समोर त्यावर सही केली.

ठिकाण: दुबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: रॉक पास्कल लोपीस (सही)

साक्षीदार पहिला: संजय, शेजारी (सही)

साक्षीदार दुसरी: जेनेल रॉक लोपीस, मुलगी (सही). सहीखाली तिच्या हाताने: मी सगळे वाचले. टेम्परेचर बरोबर होते.